आमसुलं भिजली तेव्हापासून: मोठ्या मुलांना घरकामाला कसं लावलं

२०२३च्या मे महिन्यात आमची तीन पुटं झालेली, म्हणजे रसात तीनदा बुडवून वाळवलेली आमसुलं खळ्यात भिजली. मी तेव्हा दापोलीला, पतपेढीत. खिडकीतून आभाळ दाटलेलं दिसलं म्हणून घरी फोन लावला. थोरला चौदा वर्षांचा, आठवी संपवून सुटीत. "अरे, आमसुलं आत घे." "हो." "आत्ता ऊठ." "हो गं आई." संध्याकाळच्या गाडीने घरी पोचले तर ताडपत्रीवर तांबडं तळं, त्यात आमसुलं तरंगतायत, आणि हा पडवीतल्या झोपाळ्यावर मोबाइल घेऊन.

मी तोंड सोडलं. शेजारच्या काकू गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, एवढं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "आमसुलं तुझी. कधी घालायची, कधी काढायची ते तूच ठरवणार. मी नुसतं मध्येच उठायचं."

उलट बोलल्याबद्दल आणखी दोन शब्द ऐकवले, नाही असं नाही. पण रात्री पंख्याखाली पडल्यावर ते 'आमसुलं तुझी' डोक्यातून जाईना. खरंच होतं ते. कोणते रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आधी फोडायचे, मीठ किती, आज उन्हात घालायची की नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. चौदा वर्षं तो त्या खळ्यातून ये-जा करत होता आणि आमसुलांशी त्याचा संबंध एवढाच, की आई ओरडली की उचलायची.

त्यानंतर आमच्या घरात जे जमलं आणि जे फसलं ते सांगते. आमचं घर केळशीच्या अलीकडे. मुलांचे बाबा मुंबईला, महिन्याकाठी येतात, गणपतीला आणि शिमग्याला न चुकता. सासूबाई घरी. मी सकाळी वस्तीच्या गाडीने जाते ती संध्याकाळी सातला परत. थोरला आता सोळाचा, धाकटी तेराची. विहीर आहे, चार माड नि थोड्या पोफळी आहेत, सात कोंबड्या आहेत. कामाला बाई नाही. म्हणजे मुलांनी हात लावला नाही तर ते काम रात्री दहाला माझ्याच पदरात.

'मदत' म्हणणं सोडा

"जरा मला मदत कर ना" हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरलं. त्याचा अर्थ मुलं बरोबर लावतात: काम आईचं, आपण उपकार करतोय. उपकार कोण रोज करतं? शिवाय मदतीला बोलावलेल्या माणसाला डोकं चालवावं लागत नाही. तो उभा राहतो आणि विचारतो, "आता काय करू?" तुम्ही सांगता, तो ते तेवढंच करतो, परत विचारतो. त्यापेक्षा एकटीने केलेलं लवकर होतं, म्हणून आपण "जा तू, मी करते" म्हणतो, आणि तो जातो.

म्हणून तुकडे देऊ नका, अख्खं काम द्या. अख्खं म्हणजे त्याची वेळ आली आहे हे ओळखण्यापासून सामान जागेवर ठेवण्यापर्यंत. आमच्याकडे पाणी हे धाकटीचं काम. त्यात काय काय आलं बघा: टाकीत किती पाणी आहे ते संध्याकाळी बघायचं, लाइट आहे तोवर पंप लावायचा, पाऊण तासाने बंद करायचा, पंपाने हवा धरली तर वरून पाणी ओतून तो चालू करायचा, प्यायचं पाणी गाळून माठ भरायचा, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की वाडीला शिंपायचं किती नि घराला ठेवायचं किती हे आजीशी बोलून ठरवायचं. पहिल्या दिवशी यातलं निम्मंच सांगितलं होतं, बाकीचं तिला हळूहळू कळत गेलं. आता टाकी रिकामी असेल तर मी पंपाला हात लावत नाही, "टाकीत पाणी नाही गो" एवढंच म्हणते. विजेच्या बाबतीत मात्र नियम कडक: हात कोरडे, पायात चप्पल, आणि वायर, फ्यूज असलं काही दिसलं तर लांब उभं राहून मोठ्या माणसाला हाक. ते काम वायरमनचं.

दोन मुलं असतील तर काम अदलाबदलीचं ठेवू नका. 'एक दिवस तू, एक दिवस ती' हे आम्ही करून बघितलं. रोज संध्याकाळी आज पाळी कोणाची यावर अर्धा तास वाद, आणि काम कोणाचंच नाही.

कोणतं काम द्यावं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमची सगळी गाडी इथेच मार्गी लागली.

मुलांची आणि माझी बहुतेक भांडणं ज्या कामांवरून व्हायची ती कामं अशी: पलंगावरची चादर, कपाट, फडताळावरची धूळ, अभ्यासाच्या टेबलावरचा पसारा. ही कामं केली नाहीत तर काय होतं? आई ओरडते. बस, दुसरं काहीच होत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला धूळ दिसतही नाही. त्यामुळे त्या कामात तो आणि मी समोरासमोर उभे, मध्ये कोणी नाही.

आमसुलांचं तसं नाही. ती भिजली की पाऊस उत्तर देतो. कोंबड्या वेळेत डालल्या, म्हणजे टोपलीखाली कोंडल्या नाहीत तर मुंगूस उत्तर देतो. पंप लावायचा राहिला आणि लाइट गेली तर सकाळी सगळ्या घराच्या डोळ्यांत साबण. अशा कामांमध्ये मला बोलावं लागत नाही, आणि बोलले नाही की मुलांनाही माझ्याशी भांडायचं कारण उरत नाही. कोंबड्या धाकटीने हट्टाने मागून घेतल्या होत्या. पहिल्याच महिन्यात एकदा मैत्रिणीकडे रमली, अंधार पडल्यावर आली, तोवर तिची तुरेवाली गेली होती. पिसं तेवढी न्हाणीमागे. मी एक शब्द बोलले नाही. जेवणाच्या वेळी ताटावर बसून रडली. त्यानंतर दिवेलागणीला ती कुठेही असली तरी घरी पळत येते, आणि हे मी तिला कधी शिकवलेलं नाही.

म्हणून सुरुवात करताना घरातल्या कामांची मनात एक झडती घ्या आणि विचारा, हे राहिलं तर माझ्याशिवाय कोणाला कळेल? भूक, पाऊस, जनावर, पाहुणे, एसटीची वेळ यातलं काहीतरी उत्तर आलं तर ते काम मुलांना द्या. उत्तर 'कोणालाच नाही' आलं तर ते काम सध्या स्वतःकडे ठेवा किंवा चक्क सोडून द्या. मी थोरल्याच्या खोलीचं दार लावून घेते. आत काय आहे ते दिवाळीच्या आधी बघू.

शहरात राहणाऱ्या माझ्या नणंदेने हे ऐकून विचारलं, "आमच्याकडे ना पाऊस खळ्यात येतो ना मुंगूस, आम्ही काय करायचं?" तिच्या मुलाला मी आठवड्याची भाजी दिली. यादी त्याची, पैसे त्याच्या हातात, मंडईत तोच जाणार. पहिल्या आठवड्यात पाच प्रकारच्या शेंगा आणल्या नि कांदे विसरला. कांद्याशिवायचे सात दिवस काढले त्यांनी. पुढच्या वेळी पिशवीत आधी कांदे.

शिकवायचं कसं

आपण धरून चालतो की घरात वाढलेल्या मुलाला घरातलं काम येतच असेल. येत नाही. मासळी साफ करताना थोरल्याने मला शेकडो वेळा पाहिलं असेल, पण ते बघणं मांजराचं, कल्ले कधी पडतायत यावर लक्ष.

मी तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी हर्णै बंदरावरून बांगडे आणले आणि मी करत गेले, तो बघत होता, पण प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत गेले. पर कात्रीने काढायचे, सुरीने नाही, कारण सुरी निसटते. कल्ले मुळापासून उपटायचे, ते राहिले तर कालवणाला वास येतो. पोट चिरताना सुरी आत खुपसायची नाही, पित्ताची पिशवी फुटली तर तो तुकडा कडू. आतली काळी साल बोटाने घासून काढायची. मग धुवायचं, आणि धुऊन झाल्यावर परत परत धुवत बसायचं नाही, चव जाते. शेवटी मीठ नि आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस. दुसऱ्या रविवारी त्याने केलं, मी शेजारी उभी, हात मागे बांधून. हे सांगायला सोपं आहे. तो एका बांगड्याला सात मिनिटं लावत होता आणि माझी बोटं शिवशिवत होती. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम देवळात गेले. आले तेव्हा दोन बांगड्यांचा चुराडा झाला होता, तो त्याने मांजराला घातला होता आणि मला सांगितलं की आज बंदरावर मासळीच कमी होती. मी मान डोलावली.

कारण सांगण्यावर माझा फार भर आहे. या वयात 'मी सांगते म्हणून' चालत नाही, पण 'पित्त फुटलं तर कडू' हे चालतं. तेच तर्क स्वतः लावून पुढे जातात. सुरमईचं पोट कुठे, कोलंबीचा काळा दोरा का काढायचा, हे त्याने नंतर मला विचारलं. आता १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा हा माणूस सुकट निवडायला बसतो आणि मला सांगतो, "यात वाळू जास्त आहे, पुढच्या वर्षी दुसरीकडून घे."

स्वयंपाक शिकवायचा असेल तर भुकेची वेळ गाठा. सोळाव्या वर्षी रात्री दहा वाजता मुलांना परत भूक लागते, ही देवाची कृपा समजा. आमच्याकडे घावण्यांचं पीठ तयार असायचं. मी म्हटलं, तवा तापलाय, मी झोपते. पहिले तीन घावणे तव्यालाच राहिले. बिडाचा तवा पुरता तापायला हवा, थेंब उडवला की चर्र व्हायला हवा, पीठ ताकासारखं पातळ हवं, आणि घातल्यावर डावाने पसरायचं नाही, वरूनच ओतत न्यायचं. हे त्याला चौथ्या घावण्याला कळलं, कारण पोटात कावळे ओरडत होते.

सकाळी सांगू नका

माझ्या आईने मला पहाटे पाचला उठवून सडा घालायला लावला, म्हणून मीही मुलांना पहाटे हलवत होते. मग एका प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी सांगितलं की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या मुलांच्या अंगात रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे दहाला झोप येत नाही आणि सहाला जाग येत नाही. तेरा ते अठरा या वयात झोप मात्र ८ ते १० तास लागते. म्हणजे आपण ज्याला आळस म्हणतो त्यातला बराचसा भाग निव्वळ अपुरी झोप असते. सगळा नव्हे. आळसही असतोच, मी आई आहे, मला कळतो.

तेव्हापासून सकाळी त्यांच्याकडे एकही काम नाही. उठा, आवरा, गाडी पकडा. सगळी कामं संध्याकाळची आणि रात्रीची. रात्रीची भांडी थोरला साडेदहाला घासतो, कानात गाणी लावून, नाचत. मला ते बघवत नाही म्हणून मी आत जाते. सकाळी भांडी पालथी घातलेली असतात.

आठवण करून द्यायची वेळ आलीच तर प्रश्न बदला. "अजून केलं नाहीस?" म्हटलं की भांडण. "आज पाणी किती वाजता लावतेस?" म्हटलं की उत्तर म्हणून वेळ येते: "साडेसहाला." ती वेळ तिनेच सांगितलेली असल्यामुळे सातला घरी आल्यावर मी नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी पुरतं. आणि हे एकदाच विचारायचं. तीनदा विचारलंत तर तिसऱ्याआधी कोणी उठणार नाही, ती सवय आपणच लावतो. खेळ अर्ध्यावर असताना तर हाक मारूच नका. मोबाइलवरचा खेळ मध्ये सोडला तर बाकीचे भिडू बुडतात म्हणे. मला ते पटत नाही, पण आपल्याला फोडणी अर्धी टाकून उठायला सांगितलं तर आपणही उठत नाही.

आजी आणि शेजारपाजार

हा अध्याय नाजूक. थोरल्याच्या हातात मासळी आणि धाकटीच्या हातात पंप बघून सासूबाई म्हणाल्या, "अगो, पोरग्याकडून मासळी करून घेत्येस नि पोरीला मोटारीला हात लावायला लावत्येस? उलटंच चाललंय तुझं." त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, पन्नाशीला आले तरी चहाचा कप जागेवरून उचलत नाहीत, तेव्हा हे कुठून येतं ते मला माहीत आहे.

मी भांडले नाही. त्याच सुमारास पेपरात केंद्र सरकारच्या, लोकांचा वेळ कशात जातो त्या पाहणीचे आकडे आले होते, ते कात्रण त्यांना वाचून दाखवलं. २०१९च्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषाची ९७. आणि दिवसभरात घरकामाला मुळात हात लावणारे पुरुष शंभरात साधारण २६, बायका ८१. (२०२४च्या पाहणीत ही मिनिटं २८९ आणि ८८ झाली, म्हणजे दोघांनीही थोडं कमीच केलं.) सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "२९९ म्हणजे किती तास गो?" मी म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, "मग मी काय अठरा तास करत होते?" विषय तिथेच थांबला, पण दुसऱ्या दिवसापासून नातवाच्या मासळीवर त्या 'कल्ले नीट काढ रे' एवढंच बोलू लागल्या.

आजी घरात असेल तर एक फायदा करून घ्या. तिच्याकडे काही कामांची विद्या असते आणि मुलं तिच्याकडून ती घेतात, आपल्याकडून घेत नाहीत. झावळ्यांचे हीर काढून खराटा बांधायला धाकटी आजीकडूनच शिकली. मी तीन वर्षं सांगत होते.

वाईट केलेलं काम

माझी मोठी चूक इथली. धाकटीने पहिल्यांदा पडवी सारवली तेव्हा कडेला ढेपा राहिल्या होत्या. मी तिच्यादेखत खाली बसले आणि हात फिरवला. दोनच मिनिटं. ती काही बोलली नाही. पुढच्या सारवणाला तिच्या पोटात दुखत होतं, त्याच्या पुढच्याला परीक्षा होती. अजूनपर्यंत तिने सारवलेलं नाही, आणि हे काम मी तिला परत देऊ शकेन असं मला वाटत नाही.

तर तव्याला काजळी राहिली, राहू दे. भात चिकट झाला, पेज म्हणून प्या. फार वाटलं तर दोन दिवसांनी, दुसऱ्याच वेळी, "राख घेतलीस तर तवा लवकर निघतो" असं सहज म्हणा. कौतुकही फार करू नका. आपल्याकडे कौतुकाची सवय कमी, एकदम "वा, छान, शाब्बास" सुरू केलं की मुलांना संशय येतो. जे झालं ते नावाने बोला: "आज माठ सकाळपर्यंत पुरला." एवढं पुरतं.

आणि केलंच नाही तर? तर ते काम आपण उचलायचं नाही. जिवाचा प्रश्न असेल तर सोडून. कोंबड्या मी मुकाट्याने डालते. पण टाकी रिकामी राहिली तेव्हा मी शेजारी जाऊन आंघोळ केली आणि गाडी पकडली. धाकटीने विहिरीवरून कळशीने पाणी काढलं, शाळेला उशीर झाला. संध्याकाळी रागाने माझ्याशी बोलली नाही, पण पंप साडेसहाला लागला होता.

कळशीचं तिला नवीन नव्हतं खरं तर. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ती आठची होती आणि थोरला अकराचा. निम्म्या पोफळी आडव्या, पडवीची कौलं वाडीत, लाइट कित्येक आठवडे नाही, आणि टाळेबंदीमुळे बाबा मुंबईत अडकलेले. तेव्हा या दोघांनी रहाटावरून पाणी ओढलं, कौलं वेचून रचली, पडलेले नारळ गोळा केले, आणि मी त्यांना एकदाही 'करा' म्हटल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांना दिसत होतं ना, की हे केलं नाही तर पाणी नाही. शिमग्यालाही तेच. पालखी नाचवायला हीच आळशी पोरं पहाटेपर्यंत उभी असतात. गणपतीच्या मखराला आठ दिवस रात्री जागतात. मखर त्यांचं असतं, आम्हा मोठ्यांना त्यात बोलायची सोय नसते.

पैसे द्यावेत का

रोजच्या कामाला नाही. भांडी घासायचे पैसे दिले की ज्या दिवशी पैसे नको असतील त्या दिवशी भांडी तशीच. मात्र ज्या कामासाठी मी बाहेरचा गडी लावला असता, उदाहरणार्थ सुपारी सोलणं, नारळ सोलून देणं, त्याची गड्याला दिली असती तीच मजुरी मुलांना देते, पावती केल्यासारखी मोजून. माडावर चढणं यात बसत नाही. कितीही पैसे मागितले तरी नाही, ते काम पाडेल्याचं.

दहावीचं वर्ष

सगळे म्हणाले, आता त्याला कामं सांगू नकोस. मी बाकीची काढून घेतली, रात्रीची भांडी ठेवली. दिवसभर पुस्तकात डोकं घातल्यावर ती वीस मिनिटं त्याला बरी वाटायची, असं तो नंतर म्हणाला. तेव्हा कुरकुरत होता. परीक्षेच्या दिवसांत तेवढी मी घासली.

आणि परीक्षा संपल्या संपल्या मी त्याला आमसुलं दिली, म्हणजे दुसऱ्यांदा. २०२४ला नववीच्या सुटीत त्याने पहिल्यांदा केली होती. सगळी, रातांबे उतरवण्यापासून. फोडायचे, बिया नि गर वेगळा काढायचा, गरात मीठ घालायचं, सालं त्या रसात बुडवून उन्हात, परत बुडवून परत उन्हात. पाच पुटं दिली. रोज सकाळी आभाळाकडे बघून घालायची की नाही ते तोच ठरवायचा. विकून आलेले पैसे त्याचे, त्यातून मिठाचे पैसे मला परत केले. घासाघीस करून.

यंदा मात्र पाऊस मे महिन्यातच उतरला. एरवी आमच्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. २०२५ला मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोचला, आणि त्याच्याही आधी चार दिवस कोकणात धो धो सुरू झाला. त्या सकाळी मी पतपेढीत होते. खिडकीतून आभाळ दिसलं, हात फोनकडे गेला, परत ठेवला. तीनदा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का.

घरी आले तेव्हा खळं रिकामं, ताडपत्री घडी करून पडवीत. दोन पुटं झालेली आमसुलं माजघरात सुपांत नि परातीत पसरलेली, वर पंखा, उरलेली चुलीवरच्या माळ्यावर. आणि अजून फोडायचे राहिलेले दोन क्रेट रातांबे? "आता ऊन येणार नाही, त्याचं आगळ घातलंय," तो म्हणाला. गुहागरच्या आत्याला फोन करून विचारून त्याने सालं नि गर मिठात घालून पिंपात भरले होते, आणि रोज लाकडी डावाने ढवळायचं हेही लिहून घेतलं होतं. आजी पिंपाशेजारी स्टुलावर बसून देखरेख करत होत्या.

माळ्यावरच्यातली थोडी बुरसली, ती टाकली. आगळ मात्र चांगलं उतरलं, रंग सुरेख. फक्त आत्याने माप वाटीचं सांगितलं होतं, तिची वाटी लहान आणि आमची मोठी. त्यामुळे यंदाचं आगळ खारट आहे. सोलकढी करताना मीठ घालायचं नाही आणि नारळाचं दूध जरा जास्त घ्यायचं. प्रत्येक बाटलीवर त्याने तसं कागदावर लिहून चिकटवलं आहे.